हरित इमारतीतल्या हवेवर हक्क कुणाचा?

मुंबई-पुण्यातील बड्या कंपन्यांच्या नव्या इमारतींच्या दर्शनी भागात आता एक पाटी हमखास दिसते. तिच्यावर हिरवे पान असते आणि खाली 'गोल्ड' किंवा 'प्लॅटिनम' असा शिक्का असतो. ही इमारत वीज कमी खाते, पाणी वाचवते, निसर्गाची काळजी घेते, असे ती पाटी सांगते. आपल्या देशात २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली. २००३ मध्ये हैदराबादच्या हरित व्यवसाय केंद्राला 'लीड' या अमेरिकन मानांकनाचा प्लॅटिनम दर्जा मिळाला. तेव्हापासून या शिक्क्यांचे पेव फुटले आहे.

निसर्ग वाचत असेल तर आनंदच आहे. पण त्या इमारतीत दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्या माणसाचे काय? त्याला श्वास घ्यायला चांगली हवा मिळते काय? उजेड पुरतो काय? थंडीने त्याची बोटे आखडतात काय? हे त्याला कुणी विचारले आहे काय?

परदेशात विचारले गेले आहे. अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक केंद्र इमारतीत काम करणाऱ्यांचीच मते गोळा करते. निदान ८० टक्के लोक समाधानी असावेत, ही तिकडची कसोटी आहे. २००६ मध्ये या केंद्राच्या संशोधकांनी २१५ इमारतींतील ३४ हजारांहून अधिक उत्तरे तपासली. तापमानाच्या बाबतीत केवळ ११ टक्के इमारती या कसोटीला उतरल्या. हवेच्या दर्जाच्या बाबतीत २६ टक्के. २०१३ मध्ये १४४ इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ६५ इमारतींना लीडचा शिक्का होता. शिक्का असलेल्या आणि नसलेल्या इमारतींतील लोकांच्या समाधानात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

असे का व्हावे? लीडच्या २००९ च्या आवृत्तीत नव्या बांधकामासाठी एकूण ११० गुण होते. ऊर्जेसाठी ३५ आणि आतील वातावरणासाठी अवघे १५. म्हणजे विजेत भरघोस गुण मिळवले की माणसाच्या खात्यात थोडे कमी पडले तरी पाटी लागते. शिवाय बरेचसे गुण नकाशावर आणि यंत्रांच्या हिशेबावर ठरतात. माणूस आत राहायला येण्याआधीच इमारत पास झालेली असते!

विचारले तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींत जाऊन लोकांना विचारले. नैसर्गिक हवेच्या इमारतींत काम करणारी आपली माणसे परदेशी सूत्रात बसते त्यापेक्षा अधिक उष्ण हवेतही समाधानी असतात, असे २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिले. हा विचार पुढे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आला. माणसाला विचारले तर नियम बदलतो, तो असा.

पण विचारायचे कुणाला? खरी मेख येथेच आहे. अशी पाहणी संगणकावरून होते. टेबल-खुर्ची आणि ई-मेल असलेला कर्मचारी उत्तर देतो. मग तळघरातील वाहनतळावर धुरात बारा तास उभ्या असलेल्या रखवालदाराचे काय? कार्यालय सुटल्यावर वीज वाचवण्यासाठी वातानुकूलन बंद होते. काचा उघडत नाहीत. त्या कोंडलेल्या हवेत जंतुनाशकाच्या वासात फरशी पुसणाऱ्या बाईचे काय? ही माणसे ठेकेदाराची. ती कुठल्या समाजातून येतात, हे वाचकांना सांगायला नको. इमारतीची जी बचत हिरव्या पानावर मिरवली जाते, तिची किंमत या बाईची छाती मोजते. तिला मात्र इमारतीतील माणूस म्हणून मोजलेच जात नाही.

१९४८ चा कारखाना कायदा या बाबतीत पुढे होता. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा असलीच पाहिजे, असे त्याने बजावले होते. यंत्रे आणि कामाची जागा साफ करणारा माणूसही त्याच्या व्याख्येत कामगार होता. १९७६ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आलेलाही त्यात स्पष्टपणे आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कार्यालये त्या कायद्यात येत नव्हती हे खरे. पण झाडणाऱ्याच्या वाट्याचीही हवा मोजली पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. हिरव्या शिक्क्याला ते अजून उमगलेले नाही.

ही माणसे रात्री घरी जातात, तेथील हवा कशी आहे? गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन झाले. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास पुढे आला. जेथे ऊन-वारा पोचत नाही, त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग अधिक आढळला. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारती अधिक अंतरावर आहेत. तेथे क्षयाचे प्रमाण बरेच कमी होते. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेलाच असावी, त्यांच्या घरावर कौले नसावीत, हे गावगाडा ठरवत होता, असे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. राहणाऱ्याला तेव्हाही कुणी विचारले नाही आणि गोवंडीतही नाही.

शिक्का ही बिल्डरची खासगी बाब आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेली २०२० ची एकत्रित नियमावली हरित मानांकनासाठी दर्जानुसार ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देते. चटईक्षेत्र म्हणजे पैसा, आणि तो जनतेच्या वतीने दिला जातो. तेव्हा जनतेने अट घातली पाहिजे. इमारत वापरात आल्यावर वर्षभराने आतील सर्वांना विचारा. रखवालदाराला, सफाई कामगाराला, ठेक्यावरच्या प्रत्येकाला, त्यांच्या भाषेत आणि ठेकेदाराच्या गैरहजेरीत. निकाल त्याच पाटीवर लिहा. पुनर्वसनाच्या इमारतीलाही ऊन-वाऱ्याची हीच कसोटी लावा.

आपली शिकलेली मुले-मुली आज या काचेच्या इमारतींत नोकरीला आहेत. समाधानाची पाहणी त्यांच्या संगणकावर आली, तर त्यांनी उत्तर जरूर द्यावे. पण त्याआधी व्यवस्थापनाला एक प्रश्न करावा : रात्री येथे फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना हे विचारले काय?