टायर कुणाच्या खात्यात?

कापसाचा हंगाम भरात आला की पाचोऱ्यातील जिनिंगच्या फाटकांपुढे ट्रकांची रांग लागते. गाठी भरायच्या आणि दक्षिणेतल्या सूतगिरण्यांची वाट धरायची. एक गाठ १७० किलोची. शंभर गाठी म्हणजे सतरा टन, दहाचाकी गाडीचा जवळजवळ पुरा भार. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली, पण या मुलखाचा माल त्याच्या कितीतरी आधी रुळांवरून रस्त्यावर आलेला होता.

या रांगेतल्या काही गाड्यांचा मालक आणि चालक एकच असतो. आधी क्लीनर, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आणि पुढे कर्ज काढून स्वतःची जुनी गाडी, अशी त्याची वाटचाल. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर छोट्या वाहतूकदारांना कर्ज देणे बँकांच्या अग्रक्रमात आले आणि हा वर्ग वाढला. बँकेच्या खुर्चीत बसून मी असे अर्ज वर्षानुवर्षे वाचले. अर्जासोबतच्या प्रकल्प अहवालातली गाडी महिन्याचे पंचवीस दिवस धावत असे. ती कधी पंक्चर होत नसे, आणि गिरणीच्या दारात तीन दिवस खोळंबतही नसे. अहवाल लिहून देणारा गावातच बसलेला असे, आणि त्याने ट्रकने प्रवास केल्याची शक्यता कमीच.

मालकाला विचारावे, "काय सुटतं महिन्याला?" तर तो हिशेब तोंडावर करतो: "साहेब, डिझेल गेलं, टोल गेला, हप्ता गेला, वीस-बावीस हजार उरतातच ना!" हे खोटे नसते, पण पुरे खरेही नसते. एक खेप कागदावर मांडून पाहू. आकडे मी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत.

पाचोऱ्याहून कोइमतूरच्या बाजूला जाऊन-येऊन २,७०० किलोमीटर धरू. जाण्याचे भाडे ६५ हजार, परतीचे ५०, एकूण १ लाख १५ हजार. लिटरला चार किलोमीटर धरले तर ६७५ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी ६२ हजार. टोल १३ हजार, जेवणखाण आणि क्लीनरचा भत्ता ६ हजार, दलाली, हमाली आणि वाटेतले इतर खर्च आणखी ६ हजार. उरले २८ हजार. भरणे, खाली करणे, परतीच्या मालाची वाट पाहणे यात बारा-तेरा दिवस जातात, म्हणून महिन्याला दोनच खेपा. ५६ हजार. गाडी १५ लाखांना घेतली, पदरचे ३ लाख घातले, १२ लाखांचे कर्ज चार वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे ३३ हजार. उरले २३ हजार. आपल्या मालकाचे उत्तर जुळले!

आता त्याच्या तोंडी हिशेबात न आलेल्या गोष्टी. दहा टायर, नगाला वीस हजार, म्हणजे २ लाख. ते ६५-६७ हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरमागे तीन रुपये झिजतात. महिन्याला ५,४०० किलोमीटर म्हणजे १६ हजार २०० रुपये नुसते रबर. विमा, पासिंग, परमिट आणि कर यांचे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, महिन्याला १० हजार. ऑइल, ग्रीस, पाटे, क्लच यांना ६ हजार. बेरीज ३२ हजार २००. हातात २३ हजार. नऊ हजारांची तूट, आणि यात चालकाचा पगार अजून धरलेलाच नाही.

हप्त्यातला मुद्दलाचा भाग हा खर्च नव्हे, असे एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मग हप्त्याऐवजी व्याज आणि घसारा धरू. व्याज सरासरी ८ हजार. चार वर्षांनी गाडी ७ लाखांना गेली, तर घसारा महिन्याला १६ हजार ७००. ५६ हजारांतून हे दोन्ही आणि वरचे ३२ हजार २०० वजा करा. जवळजवळ शून्य येते. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर ज्याला वीस हजार पगार मिळाला असता, तो स्वतःच्या गाडीवर चार वर्षे फुकट राबला.

मग हे लगेच लक्षात का येत नाही? टायर रोज झिजतात, पण पैसे रोज मागत नाहीत. पहिल्या वर्षी गाडी अंगावरची चरबी वापरून धावते. दुसऱ्या वर्षी टायरवाल्याची उधारी चढते आणि घरातले सोने पतपेढीत जाते, तेव्हा घरात म्हणतात, धंदा बसला. तो तर पहिल्या खेपेपासूनच बसलेला असतो.

यावरची प्रचलित युक्ती म्हणजे चार टन जास्त भरणे. जादा भार भरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच कडक पवित्रा घेतला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात दंड २० हजार, वर दर जादा टनाला २ हजार. चार टनांचे २८ हजार. म्हणजे एकदा अडवले की अख्खी खेप गेली. आणि न अडवताही टायर आणि पाटे आपला दंड वसूल करतातच.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू शकतात. आपल्या उदाहरणात लिटरला रुपया वाढला की महिन्याला १,३५० रुपये जातात. भाडे मात्र दलालाच्या तोंडून ठरते, आणि ते इतक्या लगबगीने वाढत नाही. कन्नडजवळचा औट्रम घाट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला, तेव्हा त्या बाजूला जाणाऱ्यांना वळसा पडला. वळशाचे डिझेल कुणाचे, हे सांगायला नकोच.

मला अधिक अस्वस्थ करते ती निराळीच गोष्ट. लहान वाहतूकदाराला वह्या ठेवण्याचा त्रास नको म्हणून आयकर कायद्याने अंदाजी उत्पन्नाची सोय केली. १२ टनांहून मोठ्या गाडीला दर टनामागे महिना हजार रुपये. २८ टनांची गाडी असेल तर २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. हेतू चांगला आहे, आणि इतक्या उत्पन्नावर कर बहुधा भरावाही लागत नाही. पण हा आकडा विवरणपत्रात जातो, विवरणपत्र कर्जाच्या फायलीला जोडले जाते आणि फायलीत तो फेडीची ताकद म्हणून वाचला जातो. कायद्याने सोयीसाठी धरलेले उत्पन्न अशा रीतीने कमावलेले ठरते आणि त्याच्या बळावर दुसरी गाडी मंजूर होते. एका गाडीवर शून्य सुटत असताना दोन गाड्यांवर काय सुटणार?

मालकाने वही ठेवावी, हे सांगणे सोपे आहे. सोळा तास स्टिअरिंग धरणाऱ्याला ते सांगताना थोडा संकोच वाटावा. पण आता निम्मी वही आपोआप लिहिली जाते. २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. त्याच्या विवरणात गाडी कोणत्या दिवशी कुठून गेली, कुठे उभी राहिली असावी आणि महिन्यात किती खेपा झाल्या, हे सारे दिसते. पंपाच्या पावत्या त्याशेजारी ठेवल्या की किलोमीटरचा खर्चही निघतो. कर्ज मागायला आलेल्या माणसासमोर बसून मागच्या सहा महिन्यांचे हे दोन कागद वाचायला शाखेतल्या अधिकाऱ्याला अर्धा तास पुरेल. त्यात टायरचे तीन रुपये मात्र त्याला हातानेच लिहावे लागतील.