परळचं बिऱ्हाड

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर ताडपत्रीखाली बसलेली कुटुंबं मुंबईकरांच्या इतकी सवयीची झाली आहेत, की बसच्या खिडकीतून कुणी मान वळवून पाहतही नाही. स्टोव्ह, पाण्याचा कॅन, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली फाइल आणि मास्क लावलेलं, केस गेलेलं पोर. कुणी बिहारचं, कुणी बंगालचं, कुणी विदर्भातलं. मुलांना सर्वाधिक होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर, साधारण दोन ते अडीच वर्षं उपचार चालतात. एवढा काळ परक्या शहरात काढायचा कसा, याचं उत्तर केसपेपरवर नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. निदानाला उशीर, औषधांची टंचाई ही कारणं आहेतच. पण उपचार अर्धवट सोडणं हेही मोठं कारण आहे, आणि ते आईबापांच्या अडाणीपणावर ढकलणं सोपं असतं. खरं तर पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेकांचे रिपोर्ट सुधारतात, पोर खेळायला लागतं. तिकडे गावात पेरणी खोळंबलेली, धाकटी आजीकडे आणि रोजगार बुडालेला. 'बरा झालाय की, आता कशाला टोचत बसायचं?' असं आजोबांनी फोनवर म्हटलं, की गाडीचं तिकीट निघतं.

टाटा रुग्णालयातच 2009च्या सुमारास जवळपास 20 टक्के मुलांचे उपचार असे सुटत होते. पुढे 'इम्पॅक्ट' उपक्रमातून पैसे, निवारा, सकस आहार आणि चुकलेल्या तारखांचा पाठपुरावा यांची सांगड घातली गेली, तेव्हा हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. सरकारी योजनेतून रुग्णालयाचं बरंचसं बिल भागतं. खोलीभाडं, टॅक्सी, दूध, बापाचा बुडालेला रोज त्यात बसत नाही. 2006मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड केंद्रांनी नेमकी हीच बाजू धरली: प्रत्येक कुटुंबाला राहायला जागा, सामाईक स्वयंपाकघर, शिधा आणि रुग्णालयात जाण्यायेण्याची सोय. केमोनं तोंडाची चव गेलेल्या पोराच्या पोटात चार घास जातात ते आईच्या हातचे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग आपल्या आसपास असं आजारी पोर असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करायचं? गव्हांकुराच्या रसाचे आणि अंगाऱ्याचे सल्ले आधी थांबवायचे. घरात कुणाला सर्दी असेल तर भेटायला जायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला साधा संसर्गही महागात पडतो आणि ताप आला तर रात्रीतच रुग्णालय गाठावं लागतं.

त्यापेक्षा प्लेटलेट द्या. खुर्चीत बसायचं, एका हाताला सुई. रक्त यंत्रात जातं, प्लेटलेट बाजूला निघतात आणि उरलेलं रक्त परत शरीरात येतं. तासभर, कधी दीड तास. आदल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. काढलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे फार काळ साठवून ठेवायची सोयच नाही; आज रात्री दाता हवा म्हणजे आजच हवा. सोसायटीतल्या दहा जणांचे रक्तगट आणि फोन नंबर लिहिलेला एक कागद पोराच्या बापाच्या खिशात असला, तर त्याची किती धावपळ वाचेल!

पहिल्या महिन्यात घरी फळांच्या परड्या येतात. सहाव्या महिन्यात कुणी फिरकत नाही, आणि उधारी नेमकी तेव्हाच वाढलेली असते. थोरल्या बहिणीची शाळेची फी, तिला क्लासला सोडणं-आणणं, एखाद्या रविवारी तिला आपल्या घरी जेवायला बोलावणं, ही कामं तोवर शिल्लकच राहिलेली असतात.

पोर गोळ्यांच्या टप्प्यात शाळेत परतलं तरी उपचार चालूच असतात. तेव्हा वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर बाईंनी त्याच दिवशी या पोराच्या आईला फोन करायचा. संसर्ग टाळणारं औषध लवकर दिलं तरच उपयोगी पडतं.