चंद्राचा डावा हात

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका दर्शिनीत उभ्या-उभ्या कॉफी घेत होतो. शेजारी तीन-चार कॉलेजची पोरं मोबाइलवर काहीतरी बघून खिदळत होती. गोलंदाजांच्या गचाळ क्षेत्ररक्षणाचा व्हिडिओ होता. पायांमधून गेलेले चेंडू, हातात बसून निसटलेले झेल, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून थेट सीमेपार गेलेल्या फेकी. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. मग त्यातला एक म्हणाला, आपला चंद्रशेखर तर याहून वाईट होता म्हणे; ना बॅट धरता यायची, ना चेंडू अडवता यायचा. पुन्हा हशा. कॉफीची चवच गेली. माझ्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, चंद्राबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मला राहवत नाही. अनोळखी पोरांशी तिथे वाद घातला नाही, पण मनातलं सगळं इथे लिहितो आहे.

भागवत चंद्रशेखरचा जन्म १९४५ सालचा, म्हैसूरचा. लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा हात वाळला. त्याच हाताने तो १९६४ ते १९७९ या काळात ५८ कसोट्या खेळला, २४२ बळी घेतले. धावा केल्या १६७. बळींपेक्षा धावा कमी, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. चिन्नास्वामी स्टेडियमवर १९७४ साली पहिली कसोटी झाली, त्यात व्हिव्ह रिचर्ड्सने पदार्पण केलं आणि चंद्राने त्याला दोन्ही डावांत स्वस्तात घालवलं, हे मात्र त्याच गावातल्या पोरांना माहीत नसतं.

आता त्याच्या क्षेत्ररक्षणाबद्दल. तो चपळ नव्हता, हे खरंच आहे. पण गोलंदाजी उजव्या हाताची आणि फेक डाव्या हाताची, असे खेळाडू आपण किती पाहिले? सीमारेषेकडे धावायचं, चेंडू उचलायचा, तो डाव्या हातात घ्यायचा आणि मग फेकायचा. उजव्या दंडात लांबवर फेकण्याचं बळच नव्हतं. तोच बारीक, लवचीक हात गोलंदाजी करताना मात्र चाबकासारखा फिरायचा आणि चेंडू मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने टप्पा पडून आत घुसायचा. फलंदाज लेगस्पिनची वाट बघत असायचा आणि पदरी पडायची गुगली. ज्या दुबळेपणावर लोक हसतात आणि ज्या करामतीला टाळ्या वाजवतात, ती दोन्ही एकाच हातातली आहेत. पायांमधून चेंडू गेला म्हणून हसणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

१९७७-७८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो चार वेळा शून्यावर बाद झाला, तेव्हा ग्रे-निकल्स कंपनीने त्याला मधोमध भोक असलेली बॅट भेट दिली. हा किस्सा सगळीकडे सापडतो. त्याच दौऱ्यात मेलबर्नला त्याने दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पहिली कसोटी जिंकली. ती जिंकून देणाऱ्याची ओळख बॅटच्या भोकावरून सांगायची, हा कसला न्याय?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये जॉन लेस्टर नावाचा पिचर होता. फलंदाजाकडे तो अचूक मारा करायचा, पण पहिल्या बेसकडे साधा चेंडू टाकताना त्याचा हात आखडायचा. एकदा तर चेंडू हातमोज्यात अडकला, तेव्हा त्याने अख्खा मोजाच सहकाऱ्याकडे फेकला. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. त्याच्या संघांनी तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्याच्या नावावर दोनशे विजय आहेत, हे पुढे सांगावं लागतं.

पण मला बोलायचं आहे ते ओव्हलच्या कसोटीबद्दल. ऑगस्ट १९७१, भारत-इंग्लंड मालिकेतली तिसरी कसोटी. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले, हे शाळकरी पोरही सांगेल. त्या पडझडीची सुरुवात कशी झाली ते बघा. लकहर्स्टने चेंडू सरळ गोलंदाजाच्या दिशेने मारला, चंद्राचा हात लागला आणि चेंडू गोलंदाजाकडच्या यष्ट्यांवर गेला. त्या टोकाचा फलंदाज जेम्सन क्रीजबाहेर होता. धावबाद. त्याच डावात चंद्राने कर्णधार इलिंगवर्थ आणि स्नो या दोघांना स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेऊन परत पाठवलं. क्षेत्ररक्षण जमत नाही म्हणून ज्याला हिणवतात, त्याच्या हातांनी त्या दिवशी केलेलं हे काम आहे. जेम्सन त्या सहांत मोजलेला नाही. माझ्या हिशेबी त्या डावात चंद्राचे बळी सात.

आणि ओव्हल म्हटलं की मडगावचा दिलीप सरदेसाई आठवतोच. त्या वर्षीची डर्बी ‘मिल रीफ’ नावाच्या घोड्याने जिंकली होती. चंद्राच्या वेगवान चेंडूला आपल्या संघात तेच नाव पडलं. एड्रिच समोर आला तेव्हा सरदेसाईने ओरडून सांगितलं, मिल रीफ टाक. चंद्राने टाकला. एड्रिचची बॅट खाली येईपर्यंत यष्ट्या उडालेल्या. पुढच्याच चेंडूवर फ्लेचरचा झेल एकनाथ सोलकरने घेतला, तोही फॉरवर्ड शॉर्ट लेगला. उपाहाराला इंग्लंड ३ बाद २४.

सोलकरशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रा यांच्यापैकी एकही क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेला नव्हता, पण त्यांच्या भोवती कर्णधार वाडेकरने जे कडं उभं केलं त्यात सोलकर, अबिद अली आणि वेंकटराघवन होते. हेल्मेट नाही, बॅटपासून हातभर अंतरावर वाकून उभा राहिलेला, मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा सोलकर. २७ कसोट्यांत ५३ झेल. यष्टिरक्षक नसताना हे प्रमाण आजही थक्क करणारं आहे. याच ओव्हलवर त्याने वेंकटच्या चेंडूवर पुढे झेपावत नॉटचा झेल घेतला, ते छायाचित्र पाहिलं नसेल तर जरूर शोधा: सोलकर जमिनीवर आडवा, हात पुढे ताणलेले. नॉट टिकला असता तर सामना वाचवू शकला असता, इतका तो चिवट होता. चंद्राने सोलकरचे आभार अनेकदा मानले असतील. आपण मराठी माणसांनी मात्र त्याच्यावर फारच कमी लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात या सदरात सोलकरच.