कुंडीतल्या रोपट्याची जागाही रास्तच

निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’बद्दल एक तक्रार आजही ऐकू येते: खेळ उत्तम, पण पात्रांची निवड फसली. डिसेंबर २०१८ मध्ये स्विचवर आलेल्या या खेळात निरनिराळ्या कंपन्यांच्या गेममधली पात्रं एकाच आखाड्यात भिडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा दाखल झाला आणि लढवय्यांची संख्या ८९ वर जाऊन थांबली. एवढ्या मांदियाळीतही आपला लाडका नाही म्हणून चाहते रुसतात आणि जे आत आले त्यांच्या लायकीवर शंका घेतात. रुसवा प्रेमापोटी आहे, हे मान्य. आक्षेप मात्र एकेक करून तपासले तर टिकत नाहीत.

सर्वांत जुना आक्षेप तलवारबाजांच्या गर्दीचा. त्यातही ‘फायर एम्ब्लेम’ या एकाच मालिकेतले आठ जण! जानेवारी २०२० मध्ये आठवं पात्र म्हणून बायलेथची घोषणा झाली तेव्हा चाहत्यांचा संताप उसळला. या मालिकेची पात्रं जास्त झाली आहेत, हे खुद्द खेळाचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीही त्या वेळी कबूल केलं. म्हणजे संख्येचा मुद्दा खोटा नाही. पण त्यावरून ‘बायलेथ म्हणजे आणखी एक तलवारवाला’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

बायलेथ हाती घेतला की फरक लगेच कळतो. आडवा वार केला तर हातात भाला येतो, खाली केला तर कुऱ्हाड, लांबून नेम धरायचा तर धनुष्य. चाबकासारखी लांबणारी तलवार मुख्यतः वरच्या वारांना. भाल्याचं टोक लागलं तर जबर मार, प्रतिस्पर्धी अंगाशी आला तर तोच वार फिका. पात्र चालीला संथ, त्यामुळे अंतर राखणं हाच त्याचा सगळा खेळ. ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ या मूळ गेममध्ये बायलेथ शिक्षक आहे आणि ही तीन शस्त्रं तिथल्या तीन गटांच्या विद्यार्थी-प्रमुखांची. शिक्षकाच्या हाती विद्यार्थ्यांची शस्त्रं देऊन अख्ख्या कथेचा गाभा लढण्याच्या ढंगात उतरवला आहे. याला भरतीचं पात्र कसं म्हणायचं?

शिवाय ‘फायर एम्ब्लेम’चा इतिहासही आक्षेपकांच्या बाजूने नाही. ‘स्मॅश’च्या २००१ च्या ‘मेली’ या भागात तिथले मार्थ आणि रॉय आले, तेव्हा या मालिकेचा एकही गेम जपानबाहेर विकला जात नव्हता. रॉयचा स्वतःचा गेम तर जपानमध्येही २००२ मध्ये आला. हे दोघे अनोळखी तरुण बाहेरच्या खेळाडूंना आवडले आणि २००३ मध्ये मालिका अमेरिकेत पोचली. मार्थ-रॉयबद्दलचं कुतूहल हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तेव्हा फक्त नामवंतांनाच प्रवेश द्यायचा असा नियम असता, तर ही ओळख घडलीच नसती.

दुसरा आक्षेप पिरान्हा प्लँटवर. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पाइपमधून डोकं वर काढणारं हे मांसाहारी झाड. त्याला नायकांच्या रांगेत कशाला बसवायचं? उत्तर सरळ आहे: अशी लढत दुसरं कोणीच देत नाही. झाड कुंडीसकट चालतं, काटेरी गोळा फुंकून हवेत तरंगत ठेवतं, विषारी धूर सोडतं, मान लांबवून दूरवर चावा घेतं. शिवाय मारिओ खेळलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं आहे.

‘माइनक्राफ्ट’चा स्टीव्ह चौकोनी आहे, ‘स्मॅश’मध्ये शोभत नाही, असंही म्हटलं गेलं. त्याच्यावर घेतलेली मेहनत पाहा. तो भर लढतीत जमीन खणतो, लाकूड, दगड, लोखंड जमवतो, टेबलाजवळ उभं राहून हत्यारं घडवतो. ती झिजतात, मोडतात, पुन्हा घडवावी लागतात. त्याला कुठेही ठोकळे रचता यावेत म्हणून खेळातल्या सगळ्या आखाड्यांवर नव्याने काम करावं लागलं, असं साकुराईंनी सांगितलं आहे. पुढे काही स्पर्धांनी स्टीव्हवर बंदी घातली, हेही खरं. पण ती तक्रार ताकदीच्या तोलाची आहे. तोल बिघडला म्हणून निवड चुकली, असं होत नाही.

उरतो लोकमताचा मुद्दा. मारिओच्या गेममधल्या वालुइजीला इतकी मागणी असताना तो लढवय्या न होता नुसता मदतनीस का? मागणीचा मान ठेवलाच नाही, असं म्हणणाऱ्यांनी यादी पुन्हा वाचावी. रिडली, किंग के. रूल, बॅन्जो आणि काझूई ही सगळी चाहत्यांनी वर्षानुवर्षं मागितलेली पात्रं. नव्या पात्रांसाठी चाहत्यांच्या २०१५ च्या मतदानात सर्वाधिक पसंती मिळालेला सोराही अखेर आलाच. लोकमताला वजन आहे. एकमेव निकष होण्याचा हक्क मात्र त्याला नाही.

कारण केवळ मतांवर यादी ठरली असती, तर मिस्टर गेम अँड वॉचला कोणी विचारलं असतं? १९८० मध्ये सुरू झालेल्या हातातल्या छोट्या खेळांमधला हा काळा, चपटा माणूस. त्या जुन्या पडद्यावर हलायचा तसाच तो इथेही तुटक-तुटक हलतो. त्याच्या हातोड्याच्या एका वारावर १ ते ९ पैकी कोणताही आकडा येतो: ९ आला तर समोरचा उडालाच, १ आला तर स्वतःलाच इजा. १९८५ चं रॉब हे यंत्रमानवाचं खेळणंही असंच आत आलं. आज कित्येक मुलांना या दोन्ही वस्तूंची ओळख याच खेळातून होते. व्हिडिओ गेमचा इतिहास हाताळता येईल अशा रूपात जपणं, हे या निवडीचं सर्वांत मोठं काम आहे.

आणि २०१८ मध्ये साकुराईंच्या चमूने आधीच्या भागांतला एकूण एक लढवय्या परत आणला. यंत्राची ताकद अपुरी पडल्याने मागच्या भागात गळालेले आइस क्लाइंबर्सही परतले.

म्हणून पुढच्या भागाची यादी जाहीर होईल तेव्हा चाहत्यांनी ‘हा कोण?’ म्हणून नाक मुरडण्याआधी त्या पात्राला घेऊन दहा-बारा लढती खेळाव्यात. त्याने लढण्याची नवी रीत आणली नसेल, तर खुशाल टीका करावी. ‘अल्टिमेट’मधला बायलेथ, स्टीव्ह आणि कुंडीतलं ते झाड मात्र या कसोटीला पुरेपूर उतरतात.