विश्लेषण : चिलटाच्या मेंदूचा नकाशा तयार झाला, पण तो वाचता येतो का?

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटाचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका प्रौढ मादीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले ५ कोटींहून अधिक जोड नोंदवलेले आहेत. तेव्हापासून ‘आता मेंदू संगणकात उतरवता येईल’ अशी चर्चा समाजमाध्यमांवर अधूनमधून रंगते. मात्र जोडणीचा नकाशा हाती आला म्हणजे मेंदू कळला, असं होत नाही. त्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते, ती म्हणजे रिसेप्टर.

ही माशी नेमकी कोणती?

शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. आंबा किंवा पेरूच्या बागांचं नुकसान करणारी फळमाशी वेगळी. या दोघींत गल्लत करू नये. ड्रोसोफिला दहा-बारा दिवसांत अंड्यातून प्रौढ होते, तिला सांभाळायला खर्च फारसा येत नाही आणि माणसाच्या अनेक आजारांशी संबंधित जनुकांची भावंडं तिच्यात सापडतात. म्हणून शंभरहून अधिक वर्षं ती प्रयोगशाळांत आहे.

रिसेप्टर म्हणजे काय?

रिसेप्टर हे एक प्रथिन असतं. बरेचसे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेले असतात. बाहेरून ठरावीक रेणू येऊन चिकटला की रिसेप्टर पेशीच्या आत निरोप पोहोचवतो. कुलूप आणि किल्लीसारखाच हा प्रकार. फक्त कुलूप उघडल्यावर काय होईल हे किल्लीपेक्षा कुलपावर जास्त अवलंबून असतं.

मेंदू घडताना त्याचं काम काय?

वाढत्या चेतापेशीचा धागा वाट शोधत पुढे सरकतो. शरीराच्या मध्यरेषेवरच्या पेशी ‘स्लिट’ नावाचं प्रथिन सोडतात. ज्या धाग्यावर ‘रोबो’ हा रिसेप्टर असतो, त्याला हे प्रथिन ‘इकडे येऊ नकोस’ असं सांगतं. ज्यांना पलीकडे जायचं असतं ते धागे ओलांडेपर्यंत रोबो दाबून ठेवतात आणि पलीकडे पोचल्यावर वाढवतात, म्हणजे परत फिरायला नको. रोबो बिघडला तर धागे मध्यरेषेवरून पुन्हापुन्हा ये-जा करत गोल फिरतात. म्हणूनच त्याला ‘राउंडअबाउट’, म्हणजे रस्त्यावरचा गोल चौक, हे नाव पडलं. रोबो हे त्याचंच लघुरूप.

दुसरं उदाहरण डोळ्यातलं. माशीच्या संयुक्त डोळ्याच्या प्रत्येक घटकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. त्यातली सातवी अतिनील प्रकाश ओळखते. ती घडण्यासाठी शेजारच्या आठव्या पेशीचा निरोप ‘सेव्हनलेस’ नावाच्या रिसेप्टरला मिळावा लागतो. हा रिसेप्टर नसेल तर तीच पेशी भिंगाचा भाग बनवणारी साधी पेशी होते. परिणाम वागण्यात दिसतो: निरोगी माशी हिरव्या प्रकाशापेक्षा अतिनील प्रकाशाकडे धावते, ही माशी हिरव्याकडे जाते.

एका रिसेप्टरने वागणं बदलतं?

काही वेळा बदलतं. नर माशीच्या अंगाला एक विशिष्ट गंध असतो. ‘ओआर६७डी’ या रिसेप्टरमुळे तो इतर माश्यांना कळतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा रिसेप्टर नसलेले नर इतर नरांचाही प्रणय-पाठलाग करू लागले, तर तो नसलेल्या माद्या नरांना सहजी प्रतिसाद देईनात. गंध तोच होता, पण तो टिपणारं प्रथिन नव्हतं.

माश्यांच्या गंध-चवीच्या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात गंध व चव न कळणाऱ्या माश्या शोधून त्यामागची जनुकं हुडकायला सुरुवात केली होती.

मग नकाशात कमी काय आहे?

नकाशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांवरून बनला. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे ते त्यात दिसतं. पेशी कोणतं रसायन सोडत असेल याचा अंदाजही बांधता येतो. पण समोरच्या पेशीवर कोणता रिसेप्टर आहे, हे त्या चित्रांत थेट दिसत नाही.

फरक किती पडतो? माशीच्या स्नायूवर ग्लुटामेट हे रसायन पोचलं की स्नायू आकुंचन पावतो. तेच ग्लुटामेट माशीच्या मेंदूत अनेक ठिकाणी समोरच्या पेशीला गप्प करतं, कारण तिथला रिसेप्टर वेगळा आहे. म्हणजे नकाशावरची रेघ ‘चालू कर’ सांगते की ‘बंद कर’, हे रेघेवरून ठरत नाही. संगणकात माशी चालवून दाखवणाऱ्या कोणत्याही दाव्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

माणसाला याचा काय उपयोग?

रोबोचा भाऊबंद असलेलं ‘रोबो-३’ हे जनुक माणसात बिघडलं, तर डोळे डावी-उजवीकडे वळवता येत नाहीत आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकत जातो. हा दुर्मीळ आजार आहे आणि त्याचं मूळही धाग्यांनी मध्यरेषा न ओलांडण्यात आहे. सेव्हनलेसचा मानवी नातेवाईक ‘रॉस-१’. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात साधारण १ ते २ टक्के रुग्णांमध्ये त्यात बिघाड असतो. त्याला रोखणाऱ्या क्रिझोटिनिब या औषधाला अमेरिकेत अशा रुग्णांसाठी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली.

त्यामुळे आता कोणत्या पेशीत कोणती रिसेप्टर-जनुकं सुरू आहेत, ही माहिती जोडणीच्या नकाशावर चढवण्याचं काम चालू आहे. रस्ते आखून झाले आहेत. कुठल्या चौकात कुठला सिग्नल लागतो, ते भरायचं आहे.