शाळांचे उंबरठे अद्याप उंचच

देशातील निम्म्याहून थोड्या अधिक शाळांच्या दाराशी आता रॅम्प आणि त्याला धरायला कठडा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ या वार्षिक माहिती संकलनानुसार २०२३-२४ मध्ये अशा शाळांचे प्रमाण ५२.३ टक्के होते. २०२४-२५ मध्ये ते ५४.९ टक्क्यांवर गेले. देशातील शाळांची एकूण संख्या सुमारे १४ लाख ७१ हजार आहे. म्हणजेच साडेसहा लाखांहून अधिक शाळांमध्ये चाकाच्या खुर्चीवरील अथवा कुबड्या घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला आत जाण्यासाठी आजही कुणाच्या तरी खांद्याची वाट पाहावी लागते. वीज आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे या सुविधा मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक शाळांपर्यंत पोहोचल्या आहेत. शासनयंत्रणेने एखादी गोष्ट मनावर घेतली तर ती आडगावच्या शाळेतही होते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

हा प्रश्न कायद्याच्या अभावामुळे उरलेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक इमारतींत उतारमार्ग बांधण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर टाकली होती. तथापि तिला ‘आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली होती आणि पुढील वीस वर्षे ही पुस्तीच मूळ तरतुदीपेक्षा अधिक पाळली गेली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी हे सांगताना ‘अडथळामुक्त प्रवेश’ ही अट थेट घालण्यात आली. त्यानंतर आला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले, शिक्षणासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही ‘सार्वजनिक इमारत’ ठरवली आणि अस्तित्वात असलेल्या इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन घातले. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली.

मुदत संपल्यावर काय झाले, याचे उत्तर फारसे गुंतागुंतीचे नाही. काहीच झाले नाही. कायद्याचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु ज्या शाळा बव्हंशी शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्याच आहेत, तेथे दंड करणारा कोण आणि भरणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

या शैथिल्याचे एक मूळ नियमांच्या भाषेत होते. ते सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नेमके दाखवून दिले. दृष्टिबाधित असलेल्या रतुरी यांची मूळ याचिका २००५ मधील. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने २०१७ च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाचा पहिला उपनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा ‘करावेच लागेल’ असे म्हणतो, तर नियम ज्या मानकांकडे बोट दाखवतो ती केवळ मार्गदर्शक सूचनांच्या स्वरूपाची आहेत, असा या निर्णयाचा गाभा होता. ज्यांच्याबाबत तडजोड होऊ शकत नाही असे किमान नियम वेगळे काढून ते तीन महिन्यांत बंधनकारक करावेत, असे निर्देश न्यायालयाने केंद्राला दिले. मार्गदर्शक सूचना आणि नियम यांतला फरक वकिलांपुरताच आहे असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो शाळेच्या पायरीशीच कळतो.

उताराचे गणित

चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. शाळेचे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतार ५.४ मीटर लांब हवा. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते ६० सेंटिमीटरपर्यंत नेले असेल, तर ७.२ मीटर. याखेरीज वर आणि खाली खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा हवी. अनेक जुन्या शाळांत व्हरांड्यापुढे एवढी मोकळी जागाच नसते. मग पायऱ्यांच्या एका बाजूला दोन मीटर लांबीत सिमेंटचा उतार ओतला जातो. त्याचे प्रमाण एकास साडेचारच्या आसपास पडते. असा उतार मुलाला एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही. घसरगुंडी म्हणून मात्र तो मधल्या सुट्टीत उत्तम चालतो.

तरीही मुख्याध्यापक यूडायसच्या तक्त्यात ‘आहे’ असेच भरतात आणि त्यात ते खोटे बोलत नसतात. तक्ता उतार आहे का, कठडा आहे का, एवढेच विचारतो. उताराचा कोन, पृष्ठभागाचा खरखरीतपणा, पागोळ्यांखाली साचणारे शेवाळ यांच्यासाठी त्यात रकाना नाही. त्यामुळे वर दिलेली ५४.९ ही टक्केवारीही वापरता येण्याजोग्या उतारांची आहे, असे मानण्याचे धाडस करू नये.

उतार चढून आत गेल्यावरही अडचणी संपत नाहीत. विज्ञानाची प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष वरच्या मजल्यावर असतो. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी म्हणून बांधलेल्या स्वच्छतागृहाचे दार आत उघडते आणि खुर्ची आत गेली की ते लागत नाही. वा त्याला कुलूप असते आणि आत खेळाचे साहित्य ठेवलेले असते. किशोरवयीन मुलींच्या शाळा सोडण्यामागे ही एकच गोष्ट पुरेशी ठरू शकते. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी आणि वर्गात पुरेसा उजेड हवा असतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला पत्र्याच्या छताखाली घुमणाऱ्या वर्गात यंत्र लावूनही शब्द नीट कळत नाहीत. सुगम्यता म्हणजे उतार, हे समीकरण खुद्द प्रशासनानेच रूढ केले आहे.

मतदानापुरती सोय

या शाळांच्या दाराशी उतार बसवणे अशक्य नाही, हे दर निवडणुकीत दिसते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी उतारांची सोय करण्याचा आदेश दिला आणि पुढे निवडणूक आयोगाने उतार ही प्रत्येक केंद्रावरील किमान सुविधांपैकी एक ठरवली. देशातील मतदान केंद्रे मोठ्या प्रमाणावर शाळांतच असतात. जेथे पक्का उतार नसतो तेथे तात्पुरता आणला जातो, दिव्यांग मतदार मत देऊन जातो आणि उतार परत जातो. त्याच वर्गात शिकणारे मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीशी थांबते.

निधीची अडचण मात्र खरी आहे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार वर्षाला दहा हजारांपासून एक लाख रुपयांपर्यंत असते. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला २५ हजार मिळतात. खडू, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती यांतच ते संपते. सात मीटरचा कठड्यासह उतार त्यात बसत नाही. त्यासाठी स्वतंत्र बांधकाम प्रस्ताव जिल्ह्याकडे जातो आणि तेथे त्याची स्पर्धा गळक्या छतांशी व निर्लेखित वर्गखोल्यांशी असते. एका मुलासाठीचा उतार साठ मुलांच्या छतापुढे मागे पडतो, आणि त्या अधिकाऱ्याला दोष देणेही अवघड असते.

नव्या इमारतींबाबत मात्र ही सबब चालत नाही. आराखड्यातच घेतलेला उतार एकूण खर्चात फारशी भर घालत नाही आणि सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ४४ सांगते.

या चर्चेत एक बाजू सहसा सुटते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय दिला. हा निर्णय कुटुंबाचा असावा, असा त्यामागचा हेतू. पण जेथे शाळेत चढताच येत नाही, तेथे तो पर्याय निवडला जातो की गळ्यात पडतो, हे वेगळे करणे कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के मुले कधीही कोणत्याही शिक्षणसंस्थेत गेलेली नव्हती. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने शाळांच्या उतारांची मोजणी दरवर्षी होत राहिली, पण शाळेबाहेर राहिलेल्या या मुलांविषयी तुलनेसाठी पंधरा वर्षांपूर्वीचाच आकडा हाताशी आहे.