आधी फॉस्फरस मोजा

थंडी ओसरली की चिंचवडच्या घाटाखाली पवना दिसेनाशी होते. पाणी खाली राहतं, वर नुसती जलपर्णी. मग निविदा निघते, पोकलेन येतो, जलपर्णी ओढून काठावर टाकली जाते. दोन दिवसांत ढीग बसतो, वास सुटतो, बुडातून काळं पाणी झिरपून परत नदीत उतरतं आणि त्यावरच पुढची जलपर्णी पोसते. याला आमच्याकडे नदीस्वच्छता म्हणतात. ही लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे.

जलपर्णी हे लक्षण आहे. रोग आहे पाण्यात उतू गेलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस. तो येतो मुख्यतः आमच्या संडासांतून, मोऱ्यांतून आणि कपड्यांच्या पावडरीतून. ‘कंपन्यांनी नदी नासवली’ असं म्हणून हात झटकणं शहराला फार सोयीचं पडलं आहे. रसायनं आणि तेल सोडणाऱ्या कारखान्यांना खुशाल टाळं ठोका. पण वाकड-पुनावळ्याच्या टोलेजंग सोसायट्या, चाकणच्या आसपास निघोजे, कुरुळी, म्हाळुंग्यात उठलेल्या भाड्याच्या खोल्या, यांचा मैला कुठं जातो? कामगार हवे होते, भाडं हवं होतं, एफएसआय हवा होता. गटाराचा खर्च तेवढा कुणालाच नको होता. पाईप ओढ्यात सोडला की काम झालं, ओढा नदीला मिळतोच. आळंदीत वारकरी इंद्रायणीच्या तशाच पाण्यात डोकं बुडवतो आणि वर साबणासारखा फेस तरंगत असतो. चार दिवस बातम्या येतात, पाहणी दौरे होतात, पालखी पुढं गेली की सगळं थंड.

‘पण आमच्याकडे मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत’, असं उत्तर ठरलेलं. आहेत. तिथं मोजतात काय ते बघा. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत चारच गोष्टी आहेत: सामू, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), पाण्यातले घनकण आणि विष्ठेतले जिवाणू. फॉस्फरसचा उल्लेख नाही. नायट्रोजन 2015 च्या मसुद्यात होता, अंतिम कागदावर तो गाळला. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये तळ्या-तलावांत सोडायच्या पाण्यात फॉस्फरस लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं. मग सांगा, कोणत्या केंद्राच्या फाटकावर तो आकडा लावलेला आहे? पाणी नितळ दिसलं, बीओडी बसला, अहवाल पास. विरघळलेल्या फॉस्फरसला मात्र नदीची वाट मोकळी. आणि फॉस्फरसचा गुण काही कोडं नाही. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एका तळ्याच्या मध्यावर पडदा टाकून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातला, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळानं हिरवीगार झाली. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली.

पवना दापोडीला मुळेत जाते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, इंद्रायणी तुळापूरला भीमेत. पुढं उजनी. आमचा मैला, पुण्याचा मैला, आणि वाटेतल्या उसाला वारेमाप टाकलेला युरिया-डीएपी, सगळं तिथं जाऊन थांबतं. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. वाईट वर्षी उन्हाळ्यात त्यालाही हात घालावा लागतो; सोलापूरकर म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. उन्हानं पाणी उडतं, फॉस्फरस उडत नाही. तो गाळात बसतो आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळातून परत पाण्यात सुटतो. म्हणून पर्जन्यछायेतलं धरण एकदा असं नासलं की वरून येणारी घाण थांबवली तरी ते लवकर सुधारत नाही. दक्षिण आफ्रिकेचं हार्टबीसपोर्ट धरण जोहान्सबर्गच्या सांडपाण्यावर असंच हिरवं झालं. त्या सरकारनं 1980 च्या दशकातच फॉस्फरसवर मर्यादा आणली, तरी धरण अजून जलपर्णी आणि शेवाळाशी झगडतं आहे. या हिरव्या तवंगातल्या काही जाती यकृतावर घाला घालणारं विष सोडतात, ते पाणी उकळूनही जात नाही. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. एवढी वाट पाहून बायका पिंपं भरून ठेवतात, ते पाणी या धरणातलं.

आम्ही स्वतः मात्र मुख्यतः रावेतच्या बंधाऱ्यातून, म्हणजे शहराची घाण मिसळण्याआधीच, पाणी उचलतो. तेही नको, थेट पवना धरणातून बंद नळानं आणू, असा घाट घातला गेला. 9 ऑगस्ट 2011 ला मावळचे शेतकरी त्याविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे जीव गेले. स्वतःला धरणातलं पाणी बंद नळातून मिळावं म्हणून हे शहर त्या थराला गेलं. खालच्या जिल्ह्याला आपण काय पाजतो, याचा साधा एक आकडा मात्र त्याला मोजवत नाही.

तेव्हा प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर फॉस्फरसचा रोजचा आकडा मराठीत लावा, तोच सोलापूर महापालिकेला रोज कळवा. गटार जोडलेलं नसेल तर इमारतीला भोगवटा पत्र देऊ नका, मग बिल्डर कुणाचाही भाऊबंद असो. चाकणच्या पट्ट्यात पुढचा भूखंड वाटण्याआधी भोवतालच्या गावांचं सांडपाणी कुठं जाणार ते ठरवा आणि त्याचा खर्च भूखंडाच्या किमतीत धरा. आणि जो ठेकेदार जलपर्णी काठावरच टाकून जातो, त्याचं बिल अडवा.